रानातल्या केबिनमध्ये एक रात्र : आराखडा तपासून द्या

वाटाड्या :

चार जण, एक रात्र. केबिन एका खोलीची, लाकडी. वीज नाही, नळ नाही. आत लोखंडी शेगडी आणि तिचं धुराडं, फळ्यांचे चार बाक (दोन खाली, दोन वर), बाहेर खड्ड्याचा संडास. झरा ३०० मीटरवर. गाडी ठेवायची जागा ते केबिन ९ किमी चाल आणि ६०० मीटर चढ. सूर्यास्त संध्याकाळी ६ ला, रात्री पारा शून्याच्या तीन-चार अंश खाली जाईल असं धरलंय. बर्फ नाही.

आराखडा : दुपारी दीडला चालायला सुरुवात, पाचच्या आत केबिनवर. २३० ग्रॅमचा गॅसचा एक कॅनिस्टर, त्याच्यावर स्वयंपाक आणि पिण्याचं सगळं पाणी उकळणं. झोपताना शेगडीत जाड ओंडका टाकून हवेची झडप बंद, म्हणजे ऊब सकाळपर्यंत टिकेल आणि हलक्या स्लीपिंग बॅगा चालतील.

केबिनचं आरक्षण झालंय, कुलपाची किल्ली मिळालीय. कुठे काय चुकतंय ते स्पष्ट सांगा.

पायरव :

आधी वेळेचं बघू, बाकी सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा ठोकताळा सांगतो : ताशी ५ किमी, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास जादा. तुमच्या ९ किमीला १ तास ४८ मिनिटं, वर चढाचा एक तास. झाले २ तास ४८ मिनिटं. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या, ओझं नसलेल्या माणसाचा. पाठीवर १२-१४ किलो, गटाचा वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा, मधले थांबे. एक तृतीयांश वेळ वाढवाच. पावणेचार तास होतात. दीडला निघालात तर सव्वापाच वाजणार, आणि झाडीत किंवा डोंगराच्या सावलीत उजेड सहाच्या आधीच जातो.

केबिनवर पोहोचल्यावर उजेडात उरकायची कामं किमान दोन तासांची असतात : धुराडं बाहेरून बघणं, आत हवा खेळती करणं, उंदरांची घाण काढणं, पाणी आणणं, लाकडं फोडून आत घेणं, संडासची वाट आणि दार बघून ठेवणं. हेडलॅम्पच्या उजेडात ही कामं होतात, पण धुराड्याची भेगाळलेली नळी नजरेतून सुटते आणि कुऱ्हाड पायावर बसते. म्हणून चारला पोहोचायचं आणि बाराला निघायचं. पावणेतीनपर्यंत निम्मी वाट सरली नसेल तर मागे फिरायचं. तेव्हा फिरलात तर उजेडात गाडीपाशी असाल, पुढे गेलात तर अंधारात अनोळखी केबिन शोधत बसाल.

घरी एका माणसाला कागदावर लिहून द्या : वाट कोणती, गाडी कुठे, किती जण, परतीची वेळ, आणि वेगळी लिहिलेली 'कळवायची वेळ' (तोवर तुमचा निरोप आला नाही तर त्याने मदतीसाठी कळवायचं). परत यायचं दुपारी दोनला असेल तर कळवायची वेळ सहा ठेवा. दोन्ही वेळा एकच ठेवल्या की तासभर उशिरालाच धावपळ सुरू होते आणि पुढच्या वेळी तो माणूस गंभीरपणे घेत नाही. शिट्टी प्रत्येकाच्या गळ्यात, पिशवीत नको. मदतीचा इशारा मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट थांबून पुन्हा सहा. उत्तर येतं ते मिनिटाला तीन.

निखारा :

शेगडीवर सविस्तर लिहितो. आराखड्यातली सगळ्यात मोठी चूक तिथेच आहे.

पेटवण्याआधीची तपासणी. बाहेरून धुराड्याच्या टोपीकडे बघा : घरटं, पालापाचोळा, वाकलेली टोपी. आत नळीचे सांधे हाताने हलवून बघा, कुठे सुटलेत का, गंजून भोक पडलंय का. शेगडीच्या दाराला कडेने दोरीसारखं पॅकिंग असतं. कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि ओढा. अलगद निसटली तर दार तिथे नीट बसत नाही, म्हणजे झडप बंद असली तरी तिथून हवा आत शिरणार आणि आग ताब्यात राहणार नाही. आतल्या विटा तडकल्या असतील तर चालतं, पडून लोखंड उघडं झालं असेल तर मोठी आग करू नका.

जुनी राख पूर्ण काढू नका. बोटाच्या दोन पेरांएवढा थर तळाशी असला की निखारे टिकतात. उरलेली काढायची असेल तर ती लोखंडी बादलीतच, झाकणासकट.

आता धूर खोलीत का येतो ते. धुराडं थंड असेल तर त्यात थंड, जड हवेचा खांब बसलेला असतो. खाली आग पेटवली की धूर त्याला ढकलू शकत नाही आणि दारातून खोलीत येतो. उपाय : नळीची झडप आणि खालची हवेची झडप दोन्ही पूर्ण उघडा, एक खिडकी दोन बोटं उघडा, मग वर्तमानपत्राचा एक बोळा नळीच्या तोंडाशी धरून जाळा. धूर वर ओढला जाऊ लागला की मगच खालची आग.

रचना उलटी करा. तळाला दोन-तीन मनगटाएवढी फोडलेली लाकडं, त्यांच्यावर आडवी अंगठ्याएवढी, त्यांच्यावर बोटाएवढ्या ढलप्यांचा ढीग, आणि काडी सगळ्यात वर लावायची. ज्वाळा पहिल्या मिनिटापासून नळी तापवते, धूर कमी होतो, आणि खालचं लाकूड आपल्या वेळेने पेट घेतं. सवय नसली की ही रचना चुकीची वाटते, पण थंड धुराड्याला हीच मानवते.

पहिली २०-३० मिनिटं हवा कमी करायची नाही. लाकूड नीट पेटून नळी तापली की मग हळूहळू. पुढची भर घालताना निखारे दाराकडे ओढून घ्या आणि त्यांच्यावर दोन मध्यम तुकडे ठेवा. एकच मोठा ओंडका टाकलात तर तो धुमसतो.

लाकूड ओलं आहे की सुकं हे वजनावरून आणि टोकावरून कळतं : सुकलेल्याच्या टोकाला आरपार चिरा असतात, दोन तुकडे एकमेकांवर आपटले की टणक आवाज येतो, ओल्याचा बद्द येतो. पाण्याचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली हवं. ओलं लाकूड आपली बरीचशी उष्णता स्वतःतलं पाणी उडवण्यात घालवतं आणि धुराड्यात क्रिओसोट (धुराचा डांबरासारखा, पेट घेणारा थर) चढवतं. रंग दिलेल्या फळ्या, वाळवी लागू नये म्हणून औषध मारलेलं लाकूड, प्लास्टिक यांतलं काहीही शेगडीत नको. त्यांचा धूर विषारी असतो.

दूरचं जळण सोबत नेऊ नका. सालीखालच्या किडी त्यातून नव्या रानात जातात. केबिनवर सरपण असतं का, नसेल तर पडलेलं लाकूड उचलायची परवानगी आहे का, आणि सध्या त्या भागात आगीवर बंदी आहे का, हे आरक्षण देणाऱ्यांनाच विचारा. लहान शेगडीला ताशी साधारण दीड-दोन किलो लाकूड लागतं. संध्याकाळचे पाच तास, सकाळचे दोन. १४ किलो धरा, सुरुवातीची खोली तापवण्याची भर मिळून २०. एवढं संध्याकाळी फोडून आत, कोरड्या जागी, पण शेगडीपासून एक मीटर लांब.

खडकवाट :

निखारा, बाकी पटलं, पण रात्री झडप कमी करून ओंडका ठेवायला काय हरकत? बऱ्याच शेगड्या त्यासाठीच बनवलेल्या असतात. पहाटे उठून पुन्हा पेटवण्यापेक्षा बरं.

निखारा :

घरातली, दरवर्षी झाडलेलं धुराडं असलेली, दार घट्ट बसणारी शेगडी असेल तर कमी हवेवर चालवता येते, तीही बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेत. रानातल्या केबिनच्या शेगडीचा इतिहास तुम्हाला माहीत नसतो, म्हणून नको.

कारणं दोन. पहिलं क्रिओसोट : हवा तोडली की लाकूड जळत नाही, धुमसतं. न जळलेला धूर थंड होत चाललेल्या नळीला डांबरासारखा चिकटतो. पुढे कोणीतरी जोरात आग केली की तोच थर पेटतो. नळीतून रेल्वेसारखा घोंगावणारा आवाज आला, ती लाल होऊ लागली, तर सगळ्या हवेच्या झडपा आणि दार बंद करा आणि माणसं बाहेर. तापलेल्या लोखंडावर पाणी मारू नका, ते तडकतं.

दुसरं कारण जीवघेणं. निखाऱ्यांच्या अवस्थेत धूर दिसत नाही, वास येत नाही, पण कार्बन मोनॉक्साइड भरपूर तयार होतो. त्याच वेळी नळी थंड होत असते, म्हणजे वर ओढ कमी होते. त्यात झडप बंद. सगळे झोपलेले. डोकेदुखी, मळमळ, चक्कर ही लक्षणं जागेपणीच कळतात, झोपेत नाही. एकाच खोलीतल्या दोघा-तिघांचं डोकं एकदम दुखू लागलं आणि बाहेर गेल्यावर बरं वाटलं, तर दमणूक समजू नका.

तेव्हा झोपायच्या तासभर आधी शेवटची भर, ती पूर्ण जळू द्यायची, झडप उघडी. निखारे विझेपर्यंत खिडकी दोन बोटं उघडी, आणि ती रात्रभर तशीच. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साइडचा गजर सोबत न्या. हा वायू हवेइतकाच जड असल्यामुळे खाली बसत नाही की छताला जात नाही. गजर झोपणाऱ्याच्या डोक्याच्या उंचीवर, शेगडीपासून दोन-तीन मीटर लांब ठेवा. युरोपीय मानकाप्रमाणे (ईएन ५०२९१) तो ५० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ५० भाग वायू) ६० ते ९० मिनिटांत वाजतो, १०० ला १० ते ४० मिनिटांत, ३०० ला ३ मिनिटांच्या आत. निघण्याआधी बटण दाबून तपासा आणि मागची मुदतीची तारीख वाचा, आतला सेन्सर कालांतराने निकामी होतो. धुराचा गजर हे काम करत नाही.

खडकवाट :

मान्य. झडप उघडीच ठेवायची.

पाणवठा :

पाण्याचा हिशेब मांडतो. चौघांना संध्याकाळ ते सकाळ : पिण्याचं प्रत्येकी २ लिटर म्हणजे ८, दोन वेळचं शिजवणं आणि गरम पेय ४, भांडी-हात ४. एकूण १६ लिटर. परतीच्या वाटेचं वेगळं. घडी होणारी ४ लिटरची पिशवी प्रत्येकाकडे असेल तर उजेडात एकच फेरी. एकाने दोन बादल्यांत आणायचं म्हटलं तर अंधारात निसरड्या वाटेवर तिसरी फेरी होणारच.

गॅसवर सगळं उकळायचं गणित जमत नाही. एक लिटर पाणी २० अंशांवरून उकळीला न्यायला सुमारे ३३५ किलोज्यूल लागतात. गॅस कागदावर ७ ग्रॅम, प्रत्यक्षात भांडं आणि वाऱ्यात वाया जाऊन १२ ते १५ ग्रॅम. झऱ्याचं पाणी त्याहून थंड असणार. १६ लिटरला २०० ग्रॅमच्या वर गेला, स्वयंपाकाला काही उरलं नाही. म्हणून तीन वाटण्या करा : पिण्याचं गाळून, स्वयंपाकाचं शिजताना उकळतंच, आणि शेगडी तापलेली असताना तिच्यावर झाकण ठेवून मोठं भांडं कायम. ते इंधन फुकटचं आहे.

पूर्ण उकळी एक मिनिट पुरते. समुद्रसपाटीपासून २००० मीटरच्या वर असाल तर तीन मिनिटं, कारण तिथे पाणी कमी तापमानालाच उकळतं. पोकळ तंतूंचा फिल्टर (०.१ किंवा ०.२ मायक्रॉन) जंतू आणि जिआर्डियासारखे एकपेशीय जीव अडवतो, विषाणू नाही. वर वस्ती किंवा गुरं असतील तर गाळल्यावर उकळाही. क्लोरीन डायऑक्साइडच्या गोळ्या बाकीच्या जंतूंना अर्ध्या तासात मारतात, पण क्रिप्टोस्पोरिडियम या चिवट एकपेशीय जीवाला चार तास लागतात. तहान लागल्यावर गोळी टाकून उपयोग नाही.

या आराखड्यात हमखास विसरलं जाणारं : फिल्टर एकदा वापरला की त्याच्यात पाणी राहतं. रात्री ते गोठलं तर तंतू फाटतात, आणि फाटलेत हे बाहेरून दिसत नाही. पाणी तसंच वाहत राहतं, फक्त गाळलं जात नाही. तुमच्याकडे शून्याखाली जाणार आहे, तेव्हा फिल्टर झिपच्या पिशवीत घालून स्लीपिंग बॅगेत, पायाशी. उद्याच्या सकाळच्या दोन बाटल्या उलट्या ठेवा. बर्फ वरून धरतो, तोंड मोकळं राहतं.

चूलबंद :

कॅनिस्टरमध्ये काय भरलंय ते वाचा. ब्युटेन उणे ०.५ अंशालाच उकळणं (द्रवाचा वायू होणं) थांबवतो, आयसोब्युटेन उणे १२ च्या आसपास, प्रोपेन उणे ४२. मिश्रणातला प्रोपेन आधी संपतो, म्हणून नवा कॅनिस्टर थंडीत चालतो आणि अर्धा संपलेला त्याच थंडीत मान टाकतो. रात्री तोही बॅगेत घ्या, सकाळी कोमट पाण्याच्या उथळ ताटलीत उभा करा. गरम पाण्यात नको, शेगडीजवळ तर नकोच.

कॅनिस्टर बदलायचा तो बाहेर. मेणबत्ती आणि पेटती शेगडी असलेल्या खोलीत कॅनिस्टर काढू नये. हा वायू हवेपेक्षा जड, जमिनीवर पसरून ठिणगीपर्यंत जातो.

चौघांना २३० चा एक पुरतो, पाणवठा म्हणतात तसं वाटून घेतलं तर. शेगडी पेटलीच नाही अशी शक्यता धरून मी १०० ग्रॅमचा छोटा जादा घेईन. अन्न दोन्ही वेळचं एका भांड्यात, १०-१५ मिनिटांत शिजणारं. शिवाय एक वेळचं असं की जे न शिजवता खाता येतं.

सावलीझाड :

उंदरांबद्दल कोणी लिहिलं नाही. बंद केबिनमध्ये ते असतातच. लेंड्या दिसल्या की झाडू मारायचा नाही. सुकी धूळ उडते आणि श्वासात जाते, हंटाव्हायरस (उंदरांकडून माणसाला होणाऱ्या गंभीर आजाराचा विषाणू) पसरायचा हा एक मुख्य मार्ग आहे. दारं-खिडक्या उघडून अर्धा तास बाहेर थांबा (तेवढ्यात पाणी आणा). मग हातमोजे घालून ब्लीच एक भाग, पाणी दहा भाग असं मिश्रण लेंड्यांवर भिजेपर्यंत शिंपडा, पाच मिनिटं ठेवा, कागदाने पुसून पिशवीत. अर्धा लिटर पाण्याला ५० मिलि ब्लीच. ते ५० मिलि छोट्या बाटलीत घरूनच, बाटलीवर नाव लिहून. केबिनमधली भांडी उकळत्या पाण्याने धुतल्याशिवाय वापरू नका.

खाण्याचं सगळं धातूच्या डब्यात. उंदीर पिशव्या कुरतडतात आणि पिशवी सॅकमध्ये असेल तर सॅकही. डबा नसेल तर छताच्या आढ्याला दोरी, दोरीवर मध्ये पत्र्याचं झाकण ओवून, खाली पिशवी. सॅकच्या कप्प्यांच्या चेन रात्री उघड्या ठेवा आणि कप्पे रिकामे. आत शिरायला कुरतडावं लागत नाही. अस्वलं असलेल्या भागात अन्न केबिनमध्ये ठेवायचं की बाहेरच्या कपाटात, हे तिथल्या नियमाप्रमाणेच.

संडासचा खड्डा भरलेला किंवा बंद निघाला तर पाणी, वाट आणि केबिनपासून ६०-७० मीटर लांब १५ ते २० सेंमी खोल खड्डा. लहान फावडं त्यासाठी. कागद परत आणायचा.

पायरव :

झोपण्याचं मी सांगतो. हलक्या बॅगा घरी ठेवा. आग विझल्यावर लाकडी, फटी असलेली केबिन पहाटेपर्यंत बाहेरच्या तापमानाजवळ येते, म्हणून बॅग निवडायची ती बाहेरच्या किमान तापमानावर. लेबलवर दोन आकडे असतात : कम्फर्ट (ज्या तापमानाला आरामात झोप लागते) आणि लिमिट (ज्याला अंग आखडून कशीबशी रात्र निघते). दुकानात मोठ्या अक्षरात बहुधा लिमिट असतो. तुम्ही कम्फर्ट बघा, आणि उणे ४ ला उणे ५ कम्फर्टची घ्या.

फळ्यांच्या बाकावर गादी असेलच असं धरू नका. खालून जाणारी थंडी बॅग अडवत नाही, अंगाखाली ती दबून चपटी होते. ते काम मॅटचं. साध्या फोमच्या मॅटची आर-व्हॅल्यू (खालची थंडी अडवण्याची क्षमता) २ च्या आसपास असते. या थंडीला दोन मॅट एकावर एक किंवा ३ ते ४ आर-व्हॅल्यूची हवा भरायची. आर-व्हॅल्यूंची बेरीज होते. वरचे बाक उबदार असतात, पण धूर आधी तिथेच भरतो. थंडी सोसणारा खाली, ज्याला रात्री दोनदा बाहेर जावं लागतं तोही खाली.

केबिनमध्ये पाऊल टाकल्यावर ती बाहेरपेक्षा थंड वाटेल. भिंती रात्रीची थंडी धरून असतात. तापायला दोन तास लागतात, तोवर घामाचे कपडे बदलून कोरडे घाला. ओले मोजे शेगडीच्या वर टांगू नका, एक मीटर लांब दोरीवर.

वाटाड्या :

खूप मदत झाली. बदल करतोय : बाराला निघणं, रात्री आग विझू देणं, गजर, जाड बॅगा, पाण्याच्या चार पिशव्या, छोटा जादा कॅनिस्टर. दोन शंका राहिल्यात. सकाळी निघताना राखेचं काय? आणि माहितीपत्रात 'बेसिक' एवढंच लिहिलंय, त्यात काय असतं?

सावलीझाड :

'बेसिक' हा शब्द जागेगणिक बदलतो. स्कॉटलंडच्या बॉथीत (रानातल्या साध्या, उघड्या निवाऱ्यात) बहुतेकदा चार भिंती आणि छप्पर एवढंच : गादी नाही, सरपण नाही, संडासऐवजी फावडं. नॉर्वेतल्या पर्यटक संघटनेच्या बिनरखवालीच्या झोपड्यांत लाकडाची शेगडी, सरपण, भांडी आणि गाद्या असतात, काहींत अन्नाचं कोठारही. नाव वाचून काही ठरवू नका. सहा गोष्टी विचारा : गादी, सरपण आणि कुऱ्हाड, भांडी, पाण्याची जागा हंगामात आटते का, संडास, आणि धुराडं शेवटचं कधी झाडलं.

निखारा :

राख : रात्री विझलेल्या शेगडीतसुद्धा राखेखाली निखारा जिवंत असतो, आणि बादलीत काढलेल्या राखेत तो काही दिवस राहू शकतो. सकाळी आग केलीत तर निघण्याआधी दीड तास भर घालणं थांबवा. राख न काढता शेगडीतच राहू द्या, दार घट्ट. काढावीच लागली तर झाकणाच्या लोखंडी बादलीत, बादली दगडावर किंवा मातीवर. ओसरीच्या लाकडावर नको, कागदी पिशवीत नको, संडासच्या खड्ड्यात तर नकोच. झडपा उघड्या ठेवायच्या की बंद, हे दारामागे लिहिलेलं असतं, तसंच करा.

पुढच्यासाठी ढलप्यांची एक ओंजळ आणि पाच-सहा फोडलेली लाकडं शेगडीजवळ कोरडी. तो भिजून, अंधारात, थंड बोटांनी येऊ शकतो. भांड्यांतलं पाणी ओतून ती पालथी, गोठलं तर भांडं फुटतं. नोंदवहीत तारीख, माणसं, पुढची वाट लिहा. शोध घ्यायची वेळ आली तर तीच पहिली बघतात. उरलेलं खाणं 'कोणाला उपयोगी पडेल' म्हणून ठेवू नका, ते उंदरांनाच पडतं.

वाटाड्या :

शेवटचं. किल्ली आहे, पण शून्याखाली कुलूप गोठलं तर?

चूलबंद :

गरम पाणी ओतू नका. क्षणभर उघडतं आणि आत राहिलेलं पाणी आणखी घट्ट गोठतं. किल्ली लायटरवर तापवून (हातमोजा घालून) आत घाला, दहा सेकंद धरा, जोर न लावता फिरवा, तीन-चार वेळा. हाताच्या सॅनिटायझरमधला अल्कोहोलही चालतो : किल्लीला लावून आत, एक मिनिट थांबा. तो सुकेपर्यंत लायटर खिशातच. किल्ली आत तुटली तर पाय मागे वळवायला दिवस शिल्लक हवा. म्हणून चार वाजता पोहोचा.